घर कोणाच्या नावावर?

सार्वजनिक वाचनालयांनी अनुदानाच्या पैशातून प्रेमकादंबऱ्या घ्याव्यात की नाही, हा वाद आमच्या वेंगुर्ले तालुक्यात खरेदीची यादी करायची वेळ आली की हमखास डोकं वर काढतो. सगळ्यात जास्त राग असतो तो तीन-तीन भागांच्या कौटुंबिक त्रयींवर. गावाकडचं घर, त्यातली भावंडं, प्रत्येकाची एकेक प्रेमकथा, आणि असे तीन जाडजूड भाग. विरोध करणारे बहुतेक निवृत्त, शिकलेले गृहस्थ असतात. (त्यांचे सगळेच मुद्दे उडवून लावण्यासारखे नसतात, हेही सांगून टाकते.) सरकारी पैसा ज्ञानासाठी आहे, बायकांच्या दुपारच्या करमणुकीसाठी नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. मी एका लहान गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे आणि माझं मत उघड आहे. या त्रयी घ्याव्यात, आणि घ्यायच्या तर तिन्ही भाग एकदम घ्यावेत. माझी त्यांच्यावर तक्रार आहेच, पण ती या गृहस्थांच्या तक्रारीच्या अगदी उलट आहे. त्यांना या पुस्तकांत प्रेम फार वाटतं. मला कुटुंब कमी पडतं. कुटुंबाला धरून ठेवणारी आणि फोडणारी जी एक गोष्ट, जमीनजुमला, ती समोर आली की हे लेखक नजर चुकवून पुढे जातात.

साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आईवडिलांपैकी कुणीतरी गेलेलं असतं किंवा आजारी असतं. तीन भावंडं तीन दिशांना पांगलेली, ती या निमित्ताने परत येतात. पहिल्या भागात थोरल्याचं जुळतं, दुसऱ्यात मधलीचं, आणि 'याचं कोणाशी जमणं कठीण' असं ज्याच्याबद्दल पहिल्या पानापासून सगळे म्हणत असतात त्या शेंडेफळाचं तिसऱ्यात. इंग्रजीत आयर्लंड-स्कॉटलंडची खेडी आणि अमेरिकेतली शेतघरं घेऊन या साच्यात ढिगाने लिहिलं गेलंय. मराठीत छापील पुस्तकांपेक्षा मोबाइलवर जास्त. २०१४ साली सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी रोजच्या भागांनी चालणाऱ्या कौटुंबिक प्रेमकथा काजूच्या कारखान्यातल्या सुट्टीत वाचल्या जातात, एसटीत वाचल्या जातात, आणि रात्री सगळे झोपल्यावर तर नक्कीच वाचल्या जातात.

या साच्याला नाव ठेवण्याआधी त्याची खरी ताकद बघायला हवी. एकाच भागाची प्रेमकथा मांडवात संपते. पुढचं काही लेखकाला विचारायचं नाही. त्रयीत तशी सुटका नसते. पहिल्या भागात ज्यांच्यासाठी आपण जीव टांगणीला लावला तेच दोघं दुसऱ्या भागात स्वयंपाकघराच्या दारात गॅस सिलिंडरचा नंबर कोणी लावायचा यावर कुरबुरत असतात. तिसऱ्या भागात तिचं दुसरं बाळंतपण झालेलं असतं, त्याचा धंदा बसलेला असतो, आणि दोघांतली ती पहिली नव्हाळी कुठेतरी गेलेली असते, पण काहीतरी दुसरं आलेलंही असतं. गोष्ट त्यांची नसतेच आता. ते मागे, कडेला दिसत राहतात. लग्नानंतरचा संसार असा कडेने दाखवणं मोठ्या नावाजलेल्या कादंबऱ्यांनाही क्वचित जमतं. शिवाय धाकटं भावंड आपला निर्णय घेतं ते थोरल्यांचे संसार डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडे धाकटीचं स्थळ बघताना थोरलीचं सासर साक्षीला उभं असतंच की. एकाच आईची तीन मुलं आईबद्दल तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तिन्ही खऱ्या असतात, हेही तीन भाग वाचल्याशिवाय कळत नाही.

या पुस्तकांना तुच्छ लेखणारे एक गोष्ट विसरतात. मराठी कादंबरी वाढली तीच घराच्या आत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं, नावातच करमणूक, आणि त्यात क्रमशः छापलेल्या सामाजिक कादंबऱ्यांत सासर, माहेर, विधवापण, शिक्षण हेच तर होतं. आणि कुटुंबाच्या पिढ्यांची लांबलचक कथा म्हटली तर श्री. ना. पेंडशांच्या १९८७च्या 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड आपण मानाने कपाटात लावतोच. लावायलाच हवेत. मग पुरुषांच्या पिढ्या सांगितल्या की महाकादंबरी आणि बहिणींच्या सांगितल्या की टाइमपास, असा हिशोब आहे का, एवढं मी त्या गृहस्थांना विचारते. उत्तर येत नाही, चहा येतो.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. एका शहरातल्या वाचक बायकांशी त्या सविस्तर बोलल्या. पुस्तकात काय आहे याइतकंच, पुस्तक हातात धरून बसण्यातही काय आहे, हे त्यांनी दाखवलं. पुस्तक उघडलं की निदान तेवढा वेळ ती बाई कोणाची आई, कोणाची बायको नसते. घरच्यांनी हाक मारू नये अशी ती खूण असते. हे अमेरिकेतलं असलं तरी आमच्याकडच्या पडवीत दुपारी अडीच वाजता बघितलं तर वेगळं काही दिसत नाही. म्हणून वाचनालयांनी ही पुस्तकं ठेवावीत. एवढं एक कारण पुरे आहे.

आता माझी तक्रार.

कोकणात घडणारी प्रेमकथा म्हटली की काय येतं ते डोळे मिटून सांगता येतं. समुद्र, पहिला पाऊस, मोहोर, जांभ्याच्या पायऱ्या, कौलारू घर, ओटीवरचा झोपाळा, आणि त्या झोपाळ्यावर मुंबईहून परत आलेला नायक. बंद पडलेलं घर तो उघडतो, माळ्यावरची धूळ झाडतो, चिरे नीट करतो, पर्यटकांसाठी दोन खोल्या काढतो. नायिका गावातलीच किंवा वास्तुरचनाकार. तीनशे पानांत घर उभं राहतं, प्रेमही.

हे घर कोणाच्या नावावर आहे?

ज्याने सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत आयुष्यात एकदा तरी पडकी भिंत बांधायला काढली आहे, त्याला हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. घरपट्टीच्या असेसमेंटला आजोबांचं नाव, आणि घर ज्या जमिनीवर उभं आहे तिच्या सातबाऱ्यावर अठ्ठावीस नावं. त्यातले नऊ वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. चुलत्यांची मुलं डोंबिवलीला, एक आत्या बडोद्याला, एका शाखेचा पत्ताच नाही. मागच्या खोलीचं छप्पर पावसात बसलं तरी नवे वासे घालायला कोणी धजत नाही, कारण ज्याने खर्च केला त्याने हक्क सांगितला असं होतं. भांडण नको म्हणून घर पडू देतात. गणपतीला मात्र सगळे याच मूळ घरात येतात, कारण चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती एकच. अठ्ठावीस मालकांचं घर वर्षातले पाच दिवस भरलेलं आणि बाकी वर्षभर कुलपात. आंब्याची बाग खंडाने दिलेली असते, आणि तिचे पैसे कोणाच्या खात्यात जातात यावरून दोन भाऊ आरतीला शेजारी उभे राहून एकमेकांकडे बघत नाहीत. यात कथा नाही असं कोण म्हणेल?

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका त्रयीचा दुसरा भाग परत आला. खाकी पुठ्ठ्याचा, कडा बुरशीने काळवंडलेल्या. पानात खूण म्हणून वहीचा घडी घातलेला कागद राहिला होता. त्यावर निळ्या शाईत नावांची यादी, बहुतेकांपुढे बरोबरची खूण. तीन नावांपुढे खूण नव्हती. एकापुढे 'बोरिवली – फोन उचलत नाही', दुसऱ्यापुढे 'बडोदा, दिवाळीत येणार', तिसऱ्यापुढे 'मयत, वारस?'. सह्यांची यादी होती ती. कागद ज्या पानावर होता तिथे नायिका वडिलोपार्जित वाड्याच्या जिन्यावर उभी राहून 'हे घर माझं आहे' असं म्हणत होती. कागद आम्ही जपून परत केला. वाचणारी बाई हसली आणि म्हणाली, "वयनी, तिसरो भाग इलो काय? घर शेवटाक कोणाच्या नावार झाला, तां बघूचा हा." तिसरा भाग तिने नेला आणि चार दिवसांत आणून दिला. घर कोणाच्या नावावर झालं ते लेखकाने लिहिलंच नव्हतं. तिघं भावंडं अंगणात फोटो काढतात आणि पुस्तक संपतं. "लिवल्यान नाय," एवढंच ती बोलली.

मी या वाचक बाईच्या बाजूने आहे. प्रेमकथेत सातबारा कशाला, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी या प्रकाराचं मूळ बघावं. जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पाच मुलींचं घर बापाच्या पश्चात एका दूरच्या नातलग पुरुषाकडे जाणार, कारण मुलगा नाही. लग्नाची सगळी घाई, आईची सगळी चिडचिड, त्या नातलगाचं मागणी घालायला येणं, यातलं काहीच त्या वारसाहक्काशिवाय उभं राहत नाही. प्रेमकथेतून मिळकत काढून टाकणं ही नंतरच्या लेखकांची सोय आहे. इंग्रजी त्रयीत निदान मृत्युपत्र असतं, वकील येऊन ते वाचतो, कोणाला काय मिळालं ते कळतं. आमच्या मराठी लेखकांनी तिथला झोपाळा उचलला आणि वकिलाला तिथेच ठेवून आले.

आणि आपल्याकडची गोष्ट तर त्याहून कितीतरी गुंतागुंतीची. हिंदू वारसा कायदा १९५६चा. त्यात बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, पण कलम २३ घालून ठेवलं. घरात कुटुंबातली माणसं राहत असतील तर भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत बहिणीने राहत्या घराची वाटणी मागायची नाही. तिला घरात राहायचा हक्क होता. तोही अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या मुलीला तोही नाही. म्हणजे बहिणीचा संसार मोडला तरच माहेरचं दार कायद्याने उघडं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनच्या वाटेकरी, केलं, पण त्या वर्षीच्या २२ जूनआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ची. तिने मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला आणि ते कलम २३ काढून टाकलं. त्या तारखेला बाप हयात असायला हवा का, यावर पुढे पंधरा वर्षं कोर्टात ओढाताण चालली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरज नाही. एकाच घरातल्या तीन बहिणींपैकी एकीचं लग्न ९३ला, दुसरीचं ९७ला, तिसरीचं २००६ला झालं असेल, तर लग्नाच्या त्या दिवशी तिघींसाठी कायदा तीन तऱ्हेचा होता. त्रयीच लिहून ठेवली आहे ही, कोणी उचलायची तेवढी बाकी.

कायद्याने हक्क दिला, आणि हक्कसोडपत्राने तो परत घेतला जातो. आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. वडिलांचं तेराव्याचं जेवण झालं की किंवा मे महिन्यात बहिणी मुलांना घेऊन आल्या की भाऊ विषय काढतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं, अंगठा, फोटो, सही. मुद्रांक शुल्क नाममात्र. कोणी दबाव आणत नाही, तसं म्हणतही नाही कोणी. वहिनी त्या दिवशी सकाळपासून गोड बोलते. बहीण सही करते, कारण न केली तर पुढच्या गणपतीला कोणत्या तोंडाने यायचं? घरी परतताना पिशवीत नवी साडी, काजूगर, कोकमं. काही बहिणी मनापासून सही करतात, हेही खरं. भावाची ओढगस्त त्यांना दिसत असते. म्हणून तर ही कादंबरीची जागा आहे. सरळ अन्याय आणि सरळ माया असती तर अग्रलेखात भागलं असतं.

आणि यात प्रेमकथा कुठे, असं विचारणाऱ्यांना सांगते, प्रेमाची एवढी कसोटी दुसरीकडे कुठे लागते? बायको माहेरचा वाटा मागायचा की नाही या पेचात असते, तेव्हा नवऱ्याने काय म्हणावं? 'तुझा हक्क आहे, घे' म्हणाला तर सासरची नजर मिळकतीवर आहे असं माहेरचे म्हणणार. 'आपल्याला काय कमी आहे, सोडून दे' म्हणाला तर तो उदार दिसतो, पण त्याची उदारी तिच्या पैशाची. गप्प बसला तर ती एकटी. पावसात भिजत डोंगर चढून येणाऱ्या नायकापेक्षा या तिन्हींच्या मधलं एखादं वाक्य शोधणारा नवरा मला जास्त रोमँटिक वाटतो. तसा नवरा पुस्तकांत मला अजून भेटायचा आहे. गावात एकदोन आहेत.

वास्तव आणलं की गोडवा जातो, वाचक दोन घटका विसावा मागतो, हे प्रकाशक मंडळी सांगतात. विसाव्याला माझी ना नाही. पण विसावा बहुतेक वाचायला बसण्यात असतो. वाचलेलं गुळचट असलंच पाहिजे असं काही नाही. ज्या बायका सह्यांची यादी खूण म्हणून वापरतात त्यांना सातबाऱ्याचं दर्शन सोसवणार नाही, हे ठरवणारे आपण कोण? उलट तिसऱ्या भागातलं भावंडांचं मनोमीलन फुकट मिळालं की तेही फुकटच वाटतं. चुलतभावाने बोरिवलीहून येऊन सही केली, आणि का केली ते शंभर पानं खर्चून दाखवलं, तर शेवटचं जेवण अंगाला लागेल.

आणखी एक. या पुस्तकांतलं घर नेहमी मालकाचं असतं. चिरेबंदी, तुळशीवृंदावनवालं. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी वतनदारी, गेली ती १९४९च्या कायद्याने आणि कुळांच्या नावावर जमिनी व्हायला १ एप्रिल १९५७ उजाडावा लागला, तोही सगळ्यांना उजाडला नाही. किनाऱ्यावरच्या गाबितवाड्यांत, म्हणजे मच्छीमारांच्या वस्त्यांत, पिढ्यानपिढ्या राहत्या घराखालची जमीन आपल्या नावावर नसलेली कुटुंबं आहेत. त्यांच्याकडेही तीन भावंडं असतात, जुळतं, मोडतं, मुंबईहून परत येणं होतं. 'वडिलोपार्जित घर' हा शब्द पहिल्या पानावर टाकून कादंबरी सुरू केली की एवढी माणसं उंबऱ्याबाहेर राहिली. त्यांच्या घराची प्रेमकथा तर मला दुप्पट उत्सुकतेने वाचायची आहे.

राहिला वाचनालयांचा प्रश्न. कोकणाला वाचनालयांचा वारसा मोठा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. २०२१च्या जुलैतल्या पुरात चिपळूणच्या पुस्तकांचे काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलं. खेड्यातली वाचनालयं १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांत बसतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यातच ग्रंथपालाचा तुटपुंजा पगार आणि त्यातच पुस्तकं. खालच्या वर्गातल्या वाचनालयाने संदर्भग्रंथांचे संच घ्यावेत आणि कादंबऱ्या कमी कराव्यात, हा सल्ला देणारे वर्गणीदारांचं रजिस्टर उघडून बघत नाहीत. वर्गणी भरणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्या कादंबऱ्यांसाठी येतात. येतात तेव्हा मुलांसाठी स्पर्धापरीक्षेचं पुस्तक आणि सासऱ्यांसाठी प्रवासवर्णनही नेतात. पहिला भाग घेऊन तिसरा न घेणं हा तर निव्वळ छळ आहे, आणि तो काटकसरीच्या नावाखाली सर्रास चालतो.

यंदाच्या यादीत मी दोन त्रयी सुचवल्या आहेत, सहाही भाग. एकीवर हरकत आलीच. हरकत घेणाऱ्यांनी ती वाचलेली नाही, म्हणून पहिला भाग मी त्यांच्या पिशवीत घालून दिला आहे. दुसरा हवा असेल तर सभेत मागावा लागेल. त्या त्रयीची गोष्ट निदान एका सामायिक घरातली आहे, आणि दुसऱ्या भागात एक बहीण सही करायला नकार देते. पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तलाठ्याचं पात्रही त्यात आहे आणि बरंच बरं रंगवलंय, फक्त तो फेरफाराची नोंद एका दिवसात करून देतो. एवढी प्रेमकथेला सूट देऊ.